रंगाऱ्याच्या काळ्या बरगड्या

१

रंगाऱ्याची छाती उघडली आणि बरगड्यांची टोकं काळी निघाली.

बरगडी छातीच्या हाडाला जिथे मिळते तिथे कूर्चा असते. पांढरी, साबणाच्या वडीसारखी. तीस वर्षांच्या नोकरीत ती मी नको इतक्या वेळा पाहिली आहे. या माणसाची कूर्चा दगडी कोळशासारखी होती. कानाची कड कापली, ती निळीकाळी. गुडघ्याची वाटी उघडली, आतून काळी. तरुण डॉक्टरनं सुरी ताटात ठेवली.

"साहेब, हे मी पुस्तकातसुद्धा पाहिलेलं नाही."

"विष?"

"नाही म्हणवत नाही."

एवढ्यावरच मी घोडं पुढे दामटलं, हे आधीच कबूल करतो. मी फौजदार. निवृत्तीला चौदा महिने राहिलेले. या वयात पोलिसाला माणसं साधी मेलेली आवडतात. पण रंगाऱ्याची मुलगी त्या दिवशी सकाळीच चौकीत येऊन बसली होती. डोळे सुजलेले, आवाज मात्र खणखणीत. तिला घरीदारी सगळे ताई म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो.

"माझ्या वडिलांना वहिनीनं मारलं," ताई म्हणाली. "एका दिवसात नाही. थोडं थोडं करून, वर्षभर. लिहून घ्या."

मी लिहून घेतलं.

२

घर अरुंद, दुमजली. खाली बंद पडलेली रंगशाळा, चार कोरडे हौद, भिंतींवर जुन्या रंगांचे ओघळ. वर दोन खोल्या. रंगारी खिडकीशी खुर्चीत बसल्याबसल्या गेला होता, सकाळी अकराला, हातात चहाचा कप. वय अडुसष्ट. नऊ वर्षांपूर्वी पाठ इतकी आखडली की त्यानं धंदा सोडला. बायको पाच वर्षांपूर्वी गेली. मुलगा दुसऱ्याच्या रंगशाळेत नोकरी करतो. सून तीन वर्षांपूर्वी आली, आणि ती परकी नव्हती. रंगाऱ्याच्या सख्ख्या बहिणीची मुलगी. सासऱ्याला ती मामा म्हणायची, कारण तो तिचा मामाच होता.

"म्हणून तर जास्त जळतं," ताई म्हणाली. मग तिनं बोटांवर मोजत एकेक सांगितलं. आई होती तोवर बाबांचे कपडे पिवळट असायचे, ही आली आणि काखेपाशी काळेकुट्ट व्हायला लागले. गेल्या वर्षी बाबांना संडासापर्यंत चालवेना, खोलीत भांडं ठेवलं. हिनं ठेवलेल्या भांड्यात लघवी काळी व्हायची, शाईसारखी.

"आजारी माणसाची होते, ताई," मी उगाच म्हणालो.

"हो? मग मागच्या महिन्यात बाबा पंधरा दिवस माझ्याकडे होते. एकदाही काळी झाली नाही. रोज मी स्वतः भांडं उचललंय. इथे परत आले, दुसऱ्या दिवशी काळी. आता सांगा."

मी उठलो. दांडीवरच्या बनियनी पाहिल्या, काखा काळ्या. भांडं पाहिलं, तळाला काळी कड. सून दाराशी उभी होती, कडेवर अकरा महिन्यांची मुलगी. मी विचारलं, लघवी काळी होते हे दिसत होतं, तर डॉक्टरला का नाही दाखवलं?

"मामा नको म्हणाले," ती म्हणाली. "म्हणाले, रंगाऱ्याचं सगळं रंगीतच असतं, तू नको काळजी करू."

मेलेल्या माणसाची साक्ष काढणं फार सोपं असतं. मी तसं तिला बोलून दाखवलं.

मुंबई-पुण्याचं नाव घ्यावं असं आमचं गाव नव्हे. रासायनिक तपासणीचा अहवाल दूरच्या प्रयोगशाळेतून यायला सहा आठवडे. तोवर काय? घरच्यांनी बसून ठरवलं, आणि मी मान डोलावली: सुनेनं आईकडे जावं, मुलीला ताईकडे ठेवावं. विष घालणाऱ्या हातात लेकरू कसं द्यायचं? नवरा भिंतीकडे तोंड करून उभा होता. सुनेनं एकदाच त्याला विचारलं, "तुम्हालाही वाटतं?"  मग ताईनं मुलगी तिच्या कडेवरून उचलली. रंगारी त्या मुलीला साखर म्हणायचा. मधुमेह म्हणून अठरा वर्षं बिनसाखरेचा चहा प्यायलेला माणूस, तो म्हणायचा, माझ्या वाट्याची साखर एवढीच. साखर जिन्याच्या तळापर्यंत रडत गेली आणि मी वर कागद पुरे करत बसलो.

३

सरकारी इस्पितळाच्या तळघरात एक बाई एकोणतीस वर्षं मेलेल्या-जित्या माणसांचे तुकडे कांद्याच्या पापुद्र्याइतके पातळ कापून काचेच्या पट्ट्यांवर चिकटवतात आणि रंगवतात. त्यांना सगळं इस्पितळ काचबाई म्हणतं. डॉक्टर होत्या होत्या राहिल्या, म्हणून डॉक्टरांना घाबरत नाहीत. पोलिसांना तर नाहीच.

आठव्या दिवशी त्यांचं बोलावणं आलं.

"फौजदार, इथे डोळा लावा. रंगाऱ्याच्या हृदयाचा तुकडा आहे. लाल रंग दिलाय. आता दिवा बदलते."

लाल होतं ते एकाएकी ठिकठिकाणी हिरवं चमकायला लागलं. मला ते सुंदर वाटलं, आणि तसं वाटल्याची लाज वाटली.

"हिरवं चमकतंय ते प्रथिन," काचबाई म्हणाल्या. "बाहेरचं नाही, शरीरानंच बनवलेलं. त्याची घडी नीट पडली नाही की ते एकमेकांना चिकटतं, गठ्ठे होतात, मग विरघळत नाहीत. मूत्रपिंडात आहेत, हृदयात आहेत. हृदय ताठ होत जातं आणि एक दिवस थांबतं. खुर्चीत, कप हातात असतानाच. आणि हे काळे कण पाहिलेत? गठ्ठे बसलेत ते बरेचसे त्यांच्याच आसपास."

"म्हणजे काळं विष, आणि विषामुळे गठ्ठे."

"तुमच्या डोक्यात निष्कर्ष आधी पोचतो आणि पुरावा मागून धापा टाकत येतो."

"मग रंगच असेल. सत्तेचाळीस वर्षं रंगात हात घातलेला माणूस."

त्यांनी स्वतःचे हात पुढे केले. नखं लाल, बोटांच्या चिरा लाल. "रंग कातडीतून हाडात जात असता तर माझी हाडं डाळिंबासारखी झाली असती. शिवाय रंगाऱ्याच्या कपड्याला डाग कुठे पडतात?"

"बाहीला. पोटावर."

"आणि याच्या?"

"काखेत," मी म्हणालो. धंदा सोडून नऊ वर्षं झालेल्या माणसाच्या काखेत रंग कुठून येणार?

"एवढं साठायला किती दिवस लागतात, बाई?"

"दिवस? वीस-तीस वर्षं धरा."

सून सव्वीस वर्षांची होती. मी हे मनात मांडत होतो तेवढ्यात हवालदार जिना उतरून आला. हातात पत्र्याचा डबा.

"साहेब, गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे सापडला. सुनेनं लपवलेला. शेजारणीनं तिला ठेवताना पाहिलंय."

डब्यात सात फडकी होती. सगळी मधोमध काळी.

४

मी तडक सुनेच्या माहेरी गेलो. डबा समोर ठेवला.

"कुणाचा?"

"माझा."

"डाग कसले?"

ती डब्याकडे पाहत राहिली. तिची आई, म्हणजे रंगाऱ्याची बहीण, आतल्या दारात आली आणि डबा दिसताच मागे सरली. घरात तिला सगळे आत्या म्हणत. पांढरी फटक पडलेली मी पाहिली तिला. सुनेनंही पाहिलं. मग सुनेनं तोंड मिटलं ते मिटलंच. बरं बोलून पाहिलं, दरडावून पाहिलं. मुलीचं नाव काढलं तेव्हा मात्र डोळ्यांतून पाणी आलं, शब्द नाही.

चोराच्या मनात चांदणं, मी मनाशी म्हणालो. उद्या सकाळी दहाला अटक. अटक झाली की मुलगी कायमची ताईकडे, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

डबा घेऊन काचबाईंकडे गेलो तो काहीसा फुशारकीनं. त्यांनी एक फडकं उचललं, हुंगलं, उजेडाकडे धरलं.

"फौजदार, तुमच्या घरी सांडलेलं कशानं पुसतात?"

"जे हाताला येईल त्यानं. जुनं फाटकं."

"याच्या चारही कडा दुमडून हातानं शिवल्यात. बारीक टाका. कोपऱ्याला नाडी." त्यांनी फडकं घडी करून परत ठेवलं, अगदी हळू, जणू कुणी झोपलंय. "अटक उद्या दहाला ना? मग आजचा दिवस माझा. तुम्ही फक्त बरोबर चला आणि शक्यतो बोलू नका."

५

पहिल्यांदा कंपाउंडर. चौकातल्या दवाखान्यात डॉक्टर बदलत गेले, कंपाउंडर तोच. रंगाऱ्याला तीसहून जास्त वर्षं गुडघ्या-पाठीसाठी पुड्या देणारा. माझा त्याच्यावरही डोळा होता.

"पुड्यांत काय होतं ते विचारायला आलात?" त्यानं आधीच हात जोडले.

"नाही," काचबाई म्हणाल्या. "त्याची साखर तुम्ही कशी तपासायचात?"

"जुनीच रीत, बाई. निळं औषध, त्यात लघवीचे थेंब, उकळायचं. निळं राहिलं तर ठीक, विटकरी झालं तर साखर."

"त्याचं विटकरी व्हायचं?"

कंपाउंडरनं मान खाजवली. "खरं सांगू? तपकिरी व्हायचं. काळपट. मला वाटलं, साखर फारच असेल."

"पाठ कधीपासून दुखत होती?"

"पस्तिशीपासून. म्हाताऱ्यासारखा वाकून यायचा तरणाताठा माणूस. पुड्या देत होतो, दुसरं काय करणार?"

बाहेर आल्यावर काचबाईंनी खिशातून इस्पितळाचा कागद काढला. मुलानं एकदा जबरदस्तीनं रंगाऱ्याची रक्ततपासणी करवली होती, पाच वर्षांपूर्वी. रक्तातली साखर अगदी निर्दोष. तो कागद कुणी वाचलाच नव्हता. "अठरा वर्षं," त्या म्हणाल्या. "बिचाऱ्याला चमचाभर साखर चालली असती." 

मग ताईचं घर. लख्ख, फरशी आरशासारखी. साखर पाटावर बसून चमचा आपटत होती. ताईनं तिला उचलून छातीशी धरलं. वाईट बाई नव्हती ती. बापावर जीव होता तिचा, तोच आता सगळीकडे टोचत होता.

"वडिलांचं भांडं इथे कशानं धुवायचात?" काचबाईंनी विचारलं.

"संडास धुण्याच्या अ‍ॅसिडनं. धुऊन थोडंसं तळाशी ठेवायचे, वास मारू नये म्हणून. माझ्या घरात मला वास चालत नाही."

"आणि तुमच्या आई कपडे कशात धुवायच्या?"

"साध्या साबणानं, गार पाण्यात. सोडा तर आई उंबऱ्याच्या आत येऊ द्यायची नाही. म्हणायची, हौदात सोडा लागतो तेवढा लागू दे, घरात आला की कपड्यांचा रंग गेला." ताईचा आवाज चढला. "पण हे काय चाललंय? माझे बाबा मेलेत आणि तुम्ही धुणीभांडी विचारताय?"

"लंगोट कुठले बांधता हिला?"

"विकतचे. वापरले की फेकायचे. कोण धूत बसतंय?"

शेवटी सुनेचं माहेर. काचबाईंनी तिलाही तोच प्रश्न घातला.

"सोड्यात," सून म्हणाली. लग्नाआधी ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती. "आम्हाला तिथे शिकवलेलंच तसं. चादर असो की भांडं, सोड्याच्या पाण्यातून काढलं की निर्धास्त. मामांचं भांडंही मी तसंच ठेवायचे, तळाशी सोड्याचं पाणी घालून. मामांना काही संसर्ग होऊ नये म्हणून."

काचबाईंनी मान डोलावली आणि तिच्यामागे बसलेल्या आत्याकडे वळल्या. आवाज एकदम मऊ.

"आत्याबाई, तुमचे भाऊ तान्हे होते तेव्हा त्यांचे लंगोट तुमच्या आई कुठे वाळत घालायच्या हो?"

आत्यानं पदर तोंडात कोंबला.  सून वळून आईकडे पाहायला लागली, आणि तिच्या चेहऱ्यावरचं पाहून मला पहिल्यांदा वाटलं की उद्याच्या दहाला माझंच काहीतरी चुकणार आहे.

६

सकाळी नऊला ताईच्या घरी सगळे जमले. ताई, तिचा भाऊ, आत्या, आणि दाराजवळ सून. साखरेनं आईला पाहून दोन्ही हात पुढे केले. ताईनं मुलीला आवळून धरलं. मी खाली पाहिलं.

काचबाईंनी येताच मुलीचा विकतचा लंगोट सोडायला लावून साधं पांढरं फडकं बांधलं होतं. तासाभरात ते ओलं झालं. त्यांनी ते टेबलावर पसरलं आणि कात्रीनं मधोमध कापलं.

"ताई, सांगा सगळ्यांना. ही मुलगी किती दिवस तुमच्याकडे आहे?"

"आज नववा."

"या नऊ दिवसांत हिच्या आईनं हिला हात लावला?"

"सावलीसुद्धा पडू दिली नाही."

"हिला भरवतं कोण?"

"मी. माझ्या हातानं. दुसऱ्या कुणाला शिवू देत नाही."

"ठीक." काचबाईंनी दोन बश्या मांडल्या. एकीत ताईच्या न्हाणीघरातल्या अ‍ॅसिडचे थेंब घातलेलं पाणी, दुसरीत धुण्याच्या सोड्याचं. अर्धं फडकं इकडे, अर्धं तिकडे. मग त्या खुर्चीत बसल्या, हात मांडीवर ठेवून.

 अ‍ॅसिडातलं फडकं होतं तसंच राहिलं. सोड्यातलं आधी पिवळं पडलं, मग चहासारखं झालं, मग कडेपासून काळं होत आत सरकायला लागलं. ताईच्या डोळ्यांदेखत. पाच मिनिटंही लागली नसतील.

"बोला ताई," काचबाई म्हणाल्या. "आता विष कोण घालतंय?"

ताई मटकन खाली बसली. मुलगी हातातून सुटू नये म्हणून भावानं पुढे होऊन तिला धरलं.

"कुणीच घालत नाही," काचबाई म्हणाल्या. "तुमच्या वडिलांनाही कुणी घातलं नाही. त्यांची लघवी जन्मभर अशीच होती. नुसती ठेवली तर उशिरानं काळी होणारी. अ‍ॅसिडात होत नाही, म्हणून तुमच्याकडे कधी दिसलं नाही. सोड्यात ताबडतोब होते, म्हणून वहिनीकडे दिसलं. घामाचंही तेच. तुमच्या आईच्या साबणात डाग पिवळे राहायचे, हिच्या सोड्यात काळे झाले. दोघींनीही म्हाताऱ्याचं निगुतीनंच केलं. एकीच्या निगुतीनं लपलं आणि दुसरीच्या निगुतीनं उघडं पडलं."

"पण हे आहे काय?" मुलगा म्हणाला. तो इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलत होता.

"तुमच्या रंगशाळेत माल एका हौदातून दुसऱ्या हौदात जातो ना? मधल्या हौदावरचा माणूस कामावर आलाच नाही तर?"

"माल तुंबतो. मागचा हौद भरून वाहतो."

"तसंच. आपण खातो त्या अन्नातल्या प्रथिनांचा एक तुकडा शरीर पायरीपायरीनं मोडत नेतं. त्यातल्या एका पायरीवरचा कामगार तुमच्या वडिलांच्या शरीरात जन्मापासूनच गैरहजर. मग तिथला माल तुंबला. थोडा लघवीतून गेला, थोडा घामातून, उरलेला कूर्चेत जाऊन बसला आणि काळा झाला. म्हणून कान निळे, बरगड्या काळ्या. पस्तिशीतच पाठ आणि गुडघे धुमसायला लागले. कंपाउंडरच्या निळ्या औषधालाही या मालानंच फसवलं. ती साखर नव्हतीच. आणि शरीरात वर्षानुवर्षं असं काही धुमसत राहिलं की यकृत एक प्रथिन सोडत राहतं, आग लागल्यावर घंटा वाजवावी तसं. यांची घंटा तीस वर्षं थांबलीच नाही. ते प्रथिन साचलं, त्या काळ्या मालाच्या संगतीनं त्याच्या घड्या बिघडल्या, गठ्ठे झाले, मूत्रपिंडात आणि हृदयात जाऊन बसले. काचेवर मी पाहिलेत. फौजदारांनीही पाहिलेत."

"मग डबा?" मी विचारलं. उत्तर मला कळलं होतं. तरी विचारलं, कारण ते माझ्या कागदावर होतं.

"हिचे लंगोट," सून म्हणाली. "धुतले की काळे व्हायचे. आईला दाखवले. आई म्हणाली, कुणाला दाखवू नकोस, बाहेर वाळत घालू नकोस, विचारलं तरी सांगू नकोस. का, ते सांगितलं नाही. मला वाटलं माझं दूध खराब आहे."

आत्या तेव्हा बोलली. भिंतीला टेकून, कुणाकडे न पाहता.

"दादाचे लंगोट आई चुलीमागे वाळवायची. लोक म्हणायचे, या घरात काहीतरी काळं आहे. शाळेत पोरं त्याच्या चड्डीवरून त्याला डांबऱ्या म्हणायची. आईनं आम्हा दोघांना शपथ घातली, बाहेर बोलायचं नाही. दादा बारा वर्षांचा झाला आणि आपणहून रंगशाळेत गेला. मला म्हणाला, रंगाऱ्याच्या कपड्याला डाग का, असं कुणी विचारत नाही."

 मी त्या म्हाताऱ्याचा विचार करत होतो. सत्तेचाळीस वर्षं पाठ मोडून त्यानं लोकांचे कपडे रंगवले, ते स्वतःचे डाग लपावेत म्हणून. त्याच्या आईनं लपवलं, त्यानं लपवलं, बहिणीनं लपवायला शिकवलं. त्या लपवण्यामुळेच मी एका आईला तुरुंगात धाडणार होतो. आणि ती आई गप्प राहिली, कारण तिच्या आईनं तसं सांगितलं होतं.

"शपथ मोडली तर काय होईल असं वाटायचं," आत्या म्हणाली. "पोरीवर खुनाचा आळ आला तरी माझं तोंड उघडेना. मी कसली आई?"

 ताई उठली. भावाच्या हातून तिनं साखरेला घेतलं, दारापर्यंत गेली आणि वहिनीच्या कडेवर दिली. माफी मागायला तोंड उघडलं, पण हुंदकाच आला.

"राहू दे, ताई," सून म्हणाली. तिनं राहू दिलं की नाही, मला माहीत नाही. मी असतो तर नसतं दिलं.

७

आळ गेला. पण ज्यानं गेला ते त्या टेबलावर काळं होऊन पडलेलं होतं, आणि आनंद करावा असं कुणालाच वाटेना. सुनेला ते सगळ्यांच्या आधी कळलं. मुलगी खांद्यावर टाकून तिनं विचारलं:

"काचबाई, म्हणजे ही पण? मामांसारखी?"

काचबाई खोटं बोलत नाहीत. त्या दिवशी बोलल्या असत्या तर मला चाललं असतं.

"हो. ही गोष्ट आईबाप दोघांकडून यावी लागते. याला वडिलांकडून मिळाली, तुला तुझ्या आईकडून. तुम्हा दोघांना काही होणार नाही, हिला झालंय."

"दुखेल?"

"पस्तिशीपर्यंत फारसं कळणारही नाही. पुढे पाठ, गुडघे. पण मामांना जे कुणी सांगितलं नाही ते हिला पहिल्या वर्षीच कळलंय. जेवणातलं प्रथिन मापात ठेवायचं, सांधे जपायचे, मूत्रपिंड आणि हृदय तपासत राहायचं. एक औषध निघालंय म्हणतात. मी चौकशी करते. बरं करेन असं वचन देत नाही."

"लपवायचं नाही," सून म्हणाली. हे तिनं विचारलं नव्हतं, पण काचबाई म्हणाल्या, "नाही."

सहा आठवड्यांनी रासायनिक अहवाल आला. विष नाही. मी प्रकरण मिटवलं, मृत्यू नैसर्गिक असं लिहिलं. नैसर्गिक हा शब्द लिहिताना पेन अडखळला एवढं खरं.

पत्र्याचा डबा पुराव्यातून मोकळा झाला होता. शिपायाला पाठवता आला असता, पण मीच निघालो, दुपारी. रंगाऱ्याच्या गल्लीत शिरलो तो वर पाहतच. पूर्वी त्यांचं धुणं मागच्या बाजूला, नाहीतर टाकीआड असायचं. आता पुढच्या खिडकीपासून समोरच्या खांबापर्यंत, ऐन रस्त्यावर, दोरी बांधलेली होती. सून एका हातानं मुलीला सावरत कपडे टाकत होती. नवरा शेजारी बादली धरून उभा. चादर, दोन सदरे, आणि मग ओळीनं लंगोट. मधोमध काळे.

समोरच्या खिडकीतून शेजारीण वाकली. टाकीआडचा डबा पाहणारी तीच असावी.

"अगं, डाग निघाला नाही वाटतं?"

सुनेनं शेवटच्या लंगोटाला चिमटा लावला.

"निघत नाही, मावशी," ती म्हणाली, गल्लीत सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "आमच्या साखरेचाच आहे तो."

मग तिला मी दिसलो, हातात डबा घेतलेला. तिनं ओला हात पदराला पुसला आणि डबा घ्यायला जिना उतरू लागली.